चालत्या अक्षरांचे धोंडीनाना

धोंडीनाना कोणाचीही पाटी लिहायच्या आधी त्या माणसाला रस्त्यावरून चालून दाखवायला सांगत.

हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी नगरला एका वृद्ध वैद्यांच्या हाताखाली राहून नुकताच परत आलो होतो. हाताखाली म्हणजे खलबत्त्याच्या हाताखाली. तीन प्रकारची चूर्णं आणि दोन तेलं एवढी विद्या घेऊन मी बीडपासून दिवसभराच्या गाडीवाटेवरच्या आमच्या तालुक्याच्या गावात, पेठेच्या कोपऱ्यावर औषधालय काढलं. अंगात नवा कोट होता, डोक्याला नवी पगडी होती, उणीव होती ती पाटीची आणि रोग्यांची. पाटी लागली की रोगी आपोआप येतील असा माझा हिशेब होता.

धोंडीनाना आले. उंच, वाळके, कानामागे बारीक कुंचली खोचलेली, धोतरावर इतके रंग की मूळ रंग कोणता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी त्यांना ‘आयुर्वेदीय औषधालय’ असं लिहून दाखवलं. त्यांनी ते वाचलं न वाचलं केलं आणि म्हणाले, "वैद्यबुवा, जरा त्या तेल्याच्या दुकानापोत्तर चालून दावा."

मी म्हटलं, "कशासाठी?"

"पाटी तुमची हाय ना? मंग अक्षर तुमच्यावानी चाललं पायजे. उगंच हुबं केलं तर मढं दिसतंय."

माणूस वेडा असावा असं मला वाटलं. पण पेठेतले लोक आपापल्या ओट्यांवरून बघत होते, आणि त्यांच्यापुढे आपल्या चालीचं प्रदर्शन मांडायची संधी मला फारशी नकोशी वाटली नाही. मी छाती काढली, मान वर केली, एखाद्या संस्थानच्या राजवैद्याने चालावं तसा चालू लागलो. नजर वर असल्यामुळे तेल्याच्या दुकानासमोर पसरलेली शेळी मला दिसली नाही. तिच्यात पाय अडकून मी पुढे झोकांडलो, कसाबसा सावरलो, पगडी नीट केली आणि कोणी पाहिलं की काय म्हणून चोरून इकडे तिकडे बघितलं. सगळ्यांनी पाहिलं होतं.

नाना मात्र खूश झाले. "घावलं," म्हणाले, आणि रंग कालवायला बसले.

पाटी झाली. काजळीचा काळाभोर रंग, कडेला हिंगुळाची लाल झाक. सुरुवातीची अक्षरं छाती काढून, माना वर करून चाललेली. ‘औ’च्या दोन मात्रा पगडीसारख्या ऐटीत. मग ‘षध’पाशी सगळं एकाएकी पुढे झोकांडलेलं, ‘ल’चे पाय एकमेकांत गुंतलेले, आणि शेवटचा ‘य’ पुन्हा ताठ उभा राहून कोणी पाहिलं की काय म्हणून मागे बघत असलेला. आता अक्षर मागे कसं बघेल, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारलं होतं. पण ते बघत होतं खरं.

दुसऱ्या दिवशी माझ्या औषधालयासमोर गर्दी झाली. मी गादीवर सावरून बसलो. गर्दी पाटी बघून हसली आणि गेली. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही, "हे आपल्या पडक्या वैद्याचं दुकान," असं बोट दाखवून सांगू लागले. मला पुढे अनेक वर्षं हेच नाव राहिलं. मी रागारागाने नानांकडे गेलो आणि पाटी बदलून द्या म्हणालो. ते कुंचली बांधत होते. खारीच्या शेपटीचे केस, बोरूचा दांडा, वर मेणाचा दोरा. मान वर न करता म्हणाले, "आधी चाल बदला. मी लगेच येतो."

चाल बदलायचा मी मनापासून प्रयत्न केला. आठवडाभर मान खाली घालून चाललो तर लोकांनी विचारलं, घरी काही बरं-वाईट झालं का?

मग मी गावातल्या बाकीच्या पाट्या नीट बघितल्या. किराणावाल्या शेटजींची अक्षरं मांडी घालून बसलेली, एकालाही उठायची इच्छा नसलेली. शिंप्याची अक्षरं लांब, सडपातळ, वेलांट्यांना दोऱ्यासारखा झोल. पानवाला दिवसभर बोलायचा, त्याच्या पाटीवर अक्षरं एकमेकांच्या कानाला लागलेली. तिथून येता-जाता लोक थांबत, हसत, आणि थांबलेच आहोत तर म्हणून विडा घेत. त्या सगळ्यांचा धंदा वाढला. माझाच वाढला नाही. पाटीवर पडणाऱ्या वैद्याच्या हातचं औषध घ्यायला लोक कचरत असावेत, किंवा औषधाचा गुण आधीच कळला असावा.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना कचेरीच्या पाटीचं काम निघालं.

राज्य निजामाचं. कचेरीवर उर्दूत सुरेख पाटी होती, पण खेड्यापाड्यांतून येणाऱ्या लोकांना ती वाचता येत नसे आणि ते अर्ज घेऊन शेजारच्या तबेल्यात शिरत. म्हणून खाली मराठीतही ‘सरकारी कचेरी’ असं लिहावं, असं तहसीलदार साहेबांनी ठरवलं. साहेब हैदराबादकडचे, वयस्कर, अदबीने बोलणारे. त्यांचा उजवा गुडघा धरलेला होता आणि त्यावर माझं तेल चालू होतं. सरकारदरबारी माझा शिरकाव होता तो तेवढाच, आणि तो मी येईल त्याला सांगत असे.

नानांनी साहेबांच्या कारकुनाला, पेशकाराला, निरोप दिला, की साहेबांना जरा चालून दाखवायला सांगा. पेशकाराने त्यांना हाकलून लावलं. तेव्हा नाना कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले. साहेब टांग्यातून उतरत, काठी टेकत, पायऱ्या चढत, तेवढं बघायचं आणि पुन्हा डोळे मिटून बसायचं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण पाटीच्या कामासाठी त्यांची शिफारस मीच केली होती, आणि त्या मोठेपणात मी होतो.

पाटी वर चढली त्या दिवशी बाजार होता. कचेरीसमोर माणूस मावेना. ‘सरकारी’ची अक्षरं रुबाबदार, भरदार, शेरवानी घातल्यासारखी. पण ‘कचेरी’तला ‘क’ जड अंगाने ‘च’वर रेललेला, आणि ‘री’ची वेलांटी लांब खाली उतरून काठीसारखी टेकलेली. उजवीकडचा पाय जरा दुमडलेला. ज्यांनी साहेबांना आयुष्यात एकदाच पाहिलं होतं त्यांनीही ओळखलं.

मी पगडी खाली ओढून गर्दीच्या मागे सरकलो. साहेबांच्या अपमानाने नव्हे, खरं सांगतो. माझं तेल सहा महिने चोळूनही गुडघ्याला उतार नाही, हे सरकारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत जाहीर झालं होतं.

साहेब बाहेर आले. गर्दी मागे सरली. त्यांनी खुर्ची मागवली, पाटीसमोर बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, पण पेशकार वाचून दाखवायला पुढे झाला तसं त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. मग त्यांनी नानांना जवळ बोलावलं.

"ये तो हम हैं, मियाँ," ते म्हणाले.

"जी सरकार," नाना म्हणाले.

"अच्छा लिखा है।" साहेब काठी टेकून उठले. "मिटा दो।"

बस्स. दंड नाही, शिक्षा नाही, आवाजसुद्धा चढला नाही. नानांनी स्वतःच्या हाताने चुना फासला. पुढे बाहेरून पत्र्याची पाटी आली, तिच्यावर सरळ, ठोकळेबाज अक्षरं होती, परेडीला उभी केल्यासारखी. साहेबांनी कोणाला काही हुकूम केला नव्हता, पण गावाने अर्थ आपला आपणच काढला. किराणावाल्या शेटजींनी बसलेली अक्षरं पुसून उभी करून घेतली. शिंप्याने झोल काढला. पेठेत नव्या पाटीसाठी कोणी नानांकडे जाईना. साहेबांनी माझं तेलही बंद केलं, आणि त्यानंतर त्यांचा गुडघा पुष्कळ सुधारला असं मी ऐकलं.

माझी पाटी तेवढी राहिली. यात शौर्य नव्हतं. मला शिडीवर चढायची भीती वाटते.

पेठेतलं काम बंद झालं तसे नाना खेड्यांतली लग्नघरं रंगवायला जाऊ लागले. पांढऱ्या मातीने सारवलेल्या दर्शनी भिंतीवर हत्ती, मोर, ‘श्री गणेश प्रसन्न’ आणि वधूपित्याचं नाव. माझ्याकडे रोगी नसत, म्हणून मीही त्यांच्या गाडीत बसून जायचो. लोकांना सांगायचो की गावोगावच्या वनस्पती बघायला जातो. प्रत्यक्षात मी त्यांची रंगाची मडकी धरत असे. हे काम मला वैद्यकीपेक्षा बरं जमायचं, आणि लग्नघरी जेवण मिळायचं.

तिथे नानांचं आणखी एक खूळ मला कळलं. भिंत रंगवता रंगवता ते घरच्यांना विचारत, "नवरीचं नाव काय?" आणि उंबऱ्याच्या उजव्या अंगाला, खाली, नवरी बसली तर तिच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर ते नाव लिहीत. वरची अक्षरं हत्तीएवढी, ही बोटभर. पण त्यांवर ते सगळ्यात जास्त वेळ घालवत. एका ‘ठकू’वर त्यांनी अख्खी सकाळ घालवलेली मी पाहिली आहे. तिच्या ‘ठ’ला त्यांनी असं गोल केलं होतं, की गालात लाडू धरून बसलेली पोर दिसावी.

पुष्कळ घरांत यावरून वाद होई. आष्टीकडच्या एका गावी नवरीचा चुलता भडकला. पोरीचं नाव भिंतीवर कशापायी, आणि दोन दिवसांनी सासरी ते बदलणारच आहे तर लिहून उपयोग काय, असं त्याचं म्हणणं. नानांनी वाद घातला नाही. कुंचल्या धुतल्या, मडकी गाडीत ठेवली आणि मला म्हणाले, चला. भिंतीवर अर्धाच हत्ती झाला होता, पुढचा भाग होता, मागचा नव्हता. वऱ्हाड संध्याकाळी येणार. चुलत्याने हत्तीकडे बघितलं, आमच्या गाडीकडे बघितलं, आणि नवरीचं नाव सांगितलं. जेवणाआधी सांगितलं याचा मला फार आनंद झाला.

परतीच्या वाटेवर मी नानांना विचारलं, की हा हट्ट कशासाठी? एवढं करून पावसाळ्यात ती भिंत धुऊन जाते. ते म्हणाले, पावसाळ्यापोत्तर तर राहतंय. गाडी ज्वारीच्या रानातून चालली होती. नंतर, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल सांगतोय अशा आवाजात त्यांनी मला त्यांच्या बायकोबद्दल सांगितलं. त्यांचं लग्न झालं होतं, हेच मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना जन्माचे ब्रह्मचारी समजत होतो.

लग्नात ते दहा-बारा वर्षांचे, ती त्याहून लहान. सिरसाळ्याची. नानांच्या आईने घरात आणल्याबरोबर तिचं नाव लक्ष्मी ठेवलं, आणि आई सोडून त्या नावानेही तिला कोणी हाक मारली नाही. नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायची रीतच नव्हती. नाना ‘अगं’ म्हणत, ती ‘अहो’ म्हणे, आणि त्यात त्यांचा संसार झाला. मग साथ आली. चार दिवसांच्या तापात ती गेली, आणि तिच्या माहेरचंही घर त्याच साथीत बसलं. सुतक फिटल्यावर एका सकाळी नानांच्या मनात आलं, की तिचं नाव भिंतीवर लिहावं. रंग कालवला, कुंचली उचलली, आणि त्यांच्या लक्षात आलं की लक्ष्मी हे त्यांच्या आईने ठेवलेलं नाव होतं. ती जे नाव घेऊन आली होती ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

"लग्नात भटानं घेतलं असंल की," नाना म्हणाले. "पन माझं सगळं ध्यान मुंडावळ्यांत. डोळ्यावर येत हुत्या."

मी म्हटलं, सिरसाळ्याला जाऊन कोणाला तरी विचारायचं. त्यावर ते एकदम लाजले. एवढा उंच माणूस लाजलेला बघणं मला जड गेलं. बायकोचं नाव काय म्हणून विचारायला सासुरवाडीला कोण जातं, लोक हसतील, असं म्हणाले. सगळ्या गावाला पेठेतून चालायला लावणारा हा माणूस हसण्याला भ्याला होता.

त्यानंतर मी एक काम केलं. आयुष्यात ज्या थोड्या गोष्टी मला जमल्या त्यांतलं हे एक, म्हणून सांगतो. सिरसाळ्याच्या एका घरी लग्न असल्याचं कळलं तेव्हा मी नानांना न विचारता त्यांच्या नावाने होकार कळवून टाकला. त्यांना कळल्यावर ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, पण शब्द दिलेला, म्हणून निघाले. सिरसाळ्यात भिंत रंगवली ती इतक्या घाईने, की हत्तीला सोंड आखूड राहिली. नवरीचं नाव तेवढं नीट लिहिलं आणि म्हणाले, चला, गाडी जुंपा.

मी म्हटलं, मला वांगी घ्यायची आहेत. गाव मोठं, बाजार भरलेला. बाजारात भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या बायकांइतकं गावाचं आणखी कोणाला ठाऊक असणार, असं माझं गणित. पहिल्या दोघींना मी ज्या रीतीने विचारलं त्यावरून त्यांना मी जमिनीच्या चौकशीला आलेला सरकारी माणूस वाटलो आणि त्या काही बोलेनात. तिसरी, सोनाबाई नावाची, पालेभाजी घेऊन बसली होती. तिच्यापुढे मी पुन्हा अडखळायला लागलो तेव्हा नानांनी मला बाजूला सारलं आणि स्वतःच खाली उकिडवे बसले. सासऱ्यांचं नाव सांगितलं, घर कुठे होतं ते सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाले, "त्यांची थोरली लेक. तिचं नाव काय हुतं, मावशी?"

म्हातारीने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "तुमी कोन?"

"तिचा मालक."

ती हसली नाही. भाजीवर पाणी शिंपडायचं तिने थांबवलं. "गोजरा," ती म्हणाली. "माझ्या संगं खेळायची. लई बडबडी. एकदा सुरू झाली की थांबायची न्हाई, तिचा बाप कानावर हात ठिवायचा."

नाना म्हणाले, "आमच्या घरात तर ती बोलतच नव्हती."

सोनाबाईने टोपली जराशी सरकवून जागा केली. नाना धुळीतच मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मंग काय बोलायची ती?"

मी तिथून निघालो. लांब जाऊन उगाच वांग्यांचा भाव करत राहिलो. मला वांगी आवडत नाहीत. मधूनमधून वळून बघत होतो. म्हातारी हातवारे करून सांगत होती आणि नाना ऐकत होते. गिऱ्हाईक आलं की तिला थांबावं लागे, तेव्हा तिच्या हातातली जुडी घेऊन नानाच ती गिऱ्हाइकाला देत, म्हणजे तिचं बोलणं तुटू नये. एकदा तर ते मोठ्याने हसले. बाजारातल्या दोघाचौघांनी वळून बघितलं, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

उन्हं उतरल्यावर आम्ही निघालो. मी पुढे गाडीवानापाशी बसलो आणि नाना मागे, पाय खाली सोडून, उलट्या दिशेला तोंड करून. मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं पुष्कळ होतं, पण मलाही कधी कधी कळतं. गाव मागे पडलं. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला. आधी पुटपुटल्यासारखा, मग जरा मोठा, मग परसदारी असलेल्या कोणाला तरी घरातून हाक मारावी तसा.

"गोजरा."

थोडं थांबून पुन्हा, "गोजरा, अगं ये."

गाडीवानाने मागे वळून बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. त्याने विचारलं, "कुनाला हाका मारताय, नाना?"

"घरच्या मानसाला," नाना म्हणाले.

नाना एकटे राहतात हे गाडीवानाला ठाऊक होतं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी रानाकडे बघायला लागलो. मग त्याने कासरा ओढला आणि बैलांना हळू चालू दिलं.